41 यासीन आणि एक लिटर पाणी

पत्र थोडक्यात : तासगाव तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी लिहिलंय. वय 36, घरी शिवणकाम करतात. वडील 71 वर्षांचे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागतं. चहा-आमटीसकट दिवसाला एक लिटरच पाणी द्यायचं, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. फुफींनी सांगितलं, ‘सलग 41 दिवस रोज एक यासीन (कुरआनातली एक सूरह, म्हणजे अध्याय) पढ, पाण्यावर दम कर (पढून फुंकर घाल) आणि माझ्या भावाला पाज. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून.’ ताई पाचवीपर्यंत मदरशात जात होत्या, पुढे सुटलं. अरबी अक्षर आता लागत नाही म्हणून देवनागरीत छापलेल्या पुस्तिकेवरून पढतात. पन्नास मिनिटं लागतात. सतराव्या दिवशी पाळी आली आणि खंड पडला. भावजय म्हणते, ‘यासीन मरणाऱ्याच्या उशाशी पढतात. अब्बांच्या कानावर गेलं तर हाय खातील.’ त्यात एका ओळखीच्या माणसानं भीती घातली, की देवनागरीतून चुकीचं पढलं तर उलटा असर होतो. 5100 रुपये दिलेत तर तो ‘सात मुबीन’च्या पद्धतीनं पढून देईल. ताई विचारतात : पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का? माझ्या उच्चारामुळे अब्बांचं वाईट तर होणार नाही ना? आणि यासीनचा फायदा नेमका काय?

ताई, अस्सलामु अलैकुम.

आधी पाण्याचं बोलू, कारण ते आजपासूनच बदलायला हवं. डायलिसिसवरच्या माणसाला जादा दिलेलं पाणी लघवीवाटे बाहेर पडत नाही. ते पायांवर, चेहऱ्यावर सूज होऊन दिसतं. छातीत साचलं की धाप लागते. पुढच्या वेळी मशीनला एकदम जास्त पाणी ओढावं लागतं, मग रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात. दम केलेलं पाणीही शरीरात पाणी म्हणूनच जातं. म्हणून असं करा. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवा आणि अब्बांच्या पोटात जाणारं सगळं पाणी त्यातूनच काढा. चहाला लागेल तेही त्यातूनच. दम करायचा असेल तर त्याच बाटलीवर करा. एक घोटही वाढत नाही आणि फुफींचं मनही राहतं.

भेटायला येणारे खजूर आणतात, कुणी शहाळं आणतं, तुमच्याकडे तर बेदाणा घरोघर असतो. या तिन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात वाढलं तर हृदयाची लय बिघडते. मदिनेहून आलेला अजवा खजूर असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. इलाज बाजूला ठेवून दुआवर भागवा, असं दीन (धर्म) सांगत नाही. ‘अल्लाहच्या बंद्यांनो, इलाज करा, म्हातारपण सोडला तर एकही रोग त्यानं औषधाशिवाय ठेवलेला नाही’ या अर्थाची हदीस (पैगंबरांचं नोंदलेलं वचन) अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही हदीस-संग्राहकांकडे आहे. त्यातला म्हातारपणाचा उल्लेख ध्यानात ठेवा, यासीनमध्ये तो पुन्हा भेटेल.

आता तुमचे प्रश्न. तुमच्या पत्रात यासीनबद्दल चौघांचं म्हणणं आलंय. फुफी आकडा सांगतात, भावजय मरण सांगते, तो माणूस धाक घालतो आणि तुम्ही उच्चाराच्या काळजीत आहात. यासीनमध्ये लिहिलंय काय, हे चौघांपैकी कुणीच बोलत नाही. सोळा दिवस रोज पन्नास मिनिटं तुम्ही ती सूरह ओठांवर घेतलीत आणि ती तुमच्याशी काय बोलते हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून फायद्याच्या आधी अर्थ बघू. माझ्या मते फायद्याची वाट तिथूनच जाते.

कुरआनातली ही 36वी सूरह. मक्केत, म्हणजे 622च्या हिजरतीआधी (पैगंबरांनी मदिनेला स्थलांतर करण्याआधी) उतरलेली. 83 आयती (वचनं), 5 रुकू (भाग). ‘या’ आणि ‘सीन’ ही सुटी अक्षरं आहेत आणि त्यांचा खरा अर्थ अल्लाहलाच ठाऊक, असं बहुतेक आलिम (धर्मपंडित) म्हणतात. पहिल्या रुकूत पैगंबरांना दिलासा आहे, की तुम्ही सरळ वाटेवर आहात, ऐकणारे न का ऐकेनात. याच रुकूच्या शेवटी, 12व्या आयतीत, एक वाक्य येतं : माणसांनी जे पुढे पाठवलं ते आणि मागे ज्या खुणा सोडल्या त्या, दोन्ही आम्ही लिहून ठेवतो. अब्बांना आठवड्यातून दोनदा हात देऊन गाडीत बसवणं, त्यांचं पाणी मापून देणं, हेही त्या लिहिण्यात येतं.

दुसऱ्या रुकूत एका गावाची हकिगत आहे. दोन पैगाम आणणारे आले, लोकांनी झिडकारलं, तिसरा पाठवला, तरी झिडकारलं. तेव्हा गावाच्या दूरच्या टोकाहून एक माणूस धावत आला. कुरआन ना गावाचं नाव सांगतं ना माणसाचं. हबीब नज्जार हे नाव तफसीरकारांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) दिलेलं आहे. धावत आलेल्या त्या माणसाचं म्हणणं 21व्या आयतीत आहे : जे तुमच्याकडे मोबदला मागत नाहीत आणि सरळ वाटेवर आहेत, त्यांचं ऐका. 5100 रुपयांचा विषय निघाला की ही आयत आठवा. गावानं त्याला मारलं असं तफसीरमध्ये येतं. कुरआनात थेट पुढचं दृश्य आहे. त्याला ‘जन्नतमध्ये जा’ म्हटलं जातं आणि तिथेही तो म्हणतो, माझ्या लोकांना हे कळलं असतं तर! ज्यांनी जीव घेतला त्यांचीच कळकळ.

तिसरा रुकू तुम्हाला आपल्या भागातला वाटेल. ‘मेलेली जमीन ही त्यांच्यासाठी एक निशाणी आहे, आम्ही तिला जिवंत केलं आणि तिच्यातून दाणा काढला.’ पुढच्याच आयतीत खजूर आणि द्राक्षांच्या बागा आहेत, त्यात वाहते केलेले झरे आहेत. उन्हाळ्यात जत-आटपाडीकडची भेगाळलेली रानं आणि पावसानंतर तिथेच उठलेलं हिरवं ज्यानं पाहिलंय, त्याला 33वी आयत समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल-ऑक्टोबरला छाटणी झालेल्या द्राक्षवेलीचे उघडे ओलांडे बघा. परक्या माणसाला बाग गेली असंच वाटेल. मग डोळे फुटतात. पुढे रात्र येते, जिच्यावरून दिवस सोलून काढला जातो. चंद्र येतो, जो कलेकलेनं झिजत खजुराच्या घोसाच्या जुन्या, वाळून वाकलेल्या दांड्यासारखा होतो. कुरआन इथे झिजण्याला लपवत नाही. चंद्र झिजतो, आणि तो त्याचा ठरवलेला मार्गच आहे.

याच रुकूत 47वी आयत आहे. ‘अल्लाहनं दिलेल्यातून खर्च करा’ म्हटलं की नाकारणारे म्हणतात, अल्लाहला हवं असतं तर त्यानंच त्यांना खाऊ घातलं नसतं का? घरात आजारपण असलं की खर्चाच्या वेळी मागे सरणारे असे शब्द बोलतात. तुमच्या घरात तसं कुणी असेल तर भांडू नका, पण ही आयत त्यांच्यासमोर एकदा अर्थासकट जरूर पढा.

चौथ्या रुकूत कयामतचा सूर (शिंग) फुंकला जातो, लोक उठतात, हिशेब होतो. 65व्या आयतीत तोंडावर मोहोर बसते, हात बोलतात आणि पाय साक्ष देतात. त्याच्या आधी, 58व्या आयतीत, एक छोटं वाक्य आहे : ‘सलामुन, कौलम् मिर्रब्बिर्रहीम.’ सलाम, दयाळू रबकडून आलेला शब्द. अब्बांसाठी मला या सूरहतून एकच आयत निवडायला सांगितली तर मी ही निवडेन.

पाचव्या रुकूची सुरुवातच म्हातारपणानं होते. ‘ज्याला आम्ही दीर्घ आयुष्य देतो, त्याला घडणीत उलटं फिरवतो.’ बाळपणी आधार लागतो, मग बळ येतं, मग पुन्हा आधार लागतो. म्हणजे अब्बांचं तुमच्या हातांवर अवलंबून राहणं ही शिक्षा नाही, कुणाची नजरही नाही. ठेवणीतच लिहिलेला तो एक टप्पा आहे. दोन आयतींनी 70वी येते, आणि भावजयीच्या बोलण्याचं उत्तर तिच्यात आहे. हे कुरआन कशासाठी? ‘लियुंजिर मन काना हय्या’, जो जिवंत आहे त्याला सावध करण्यासाठी. यासीन स्वतःच सांगते, की ती जिवंत माणसाशी बोलते. शेवटी कुजलेली हाडं कोण जिवंत करणार, असं विचारणारा माणूस आहे, आणि उत्तर आहे : ज्यानं पहिल्यांदा घडवली तो. मग ‘कुन फयकून’, त्यानं ‘घड’ म्हटलं की घडतं. आणि ‘त्याच्याकडेच तुम्ही परत नेले जाल’ यावर सूरह थांबते.

एवढं वाचून झाल्यावर सांगा, ही सूरह ऐकून माणसानं हाय खावी असं तिच्यात काय आहे?

भावजयीचं म्हणणं मात्र हवेतून आलेलं नाही. ‘आपल्या मरणासन्न माणसांजवळ यासीन पढा’ अशी माकिल बिन यसार यांच्याकडून आलेली हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. तिची सांगणाऱ्यांची साखळी कमजोर आहे असं बऱ्याच मुहद्दिसांचं (हदीसच्या जाणकारांचं) मत आहे, पण प्रथा तिच्यावरूनच पडली. तिचा हेतू जाणाऱ्याला धीर मिळावा, सुटका सोपी व्हावी हा. मरण जवळ आणण्यासाठी कुणी यासीन पढत नाही. जाणाऱ्या माणसाजवळ काय म्हणावं याची पक्की हदीस ‘मुस्लिम’ या हदीस-संग्रहात आहे आणि ती कलिम्याची (‘ला इलाह इल्लल्लाह’ची) आहे. ‘मरणासन्न माणसाजवळ’ यावरून ‘फक्त मरणासन्न माणसाजवळ’ असं घरोघर कसं झालं, ते मला कळतं. बहुतेकांनी यासीन आयुष्यात पहिल्यांदा तशाच वेळी ऐकलेली असते. उपाय एकच, ती एरवीही घरात ऐकू यायला हवी.

‘प्रत्येक गोष्टीला हृदय असतं, कुरआनचं हृदय यासीन, ती पढणाऱ्याला दहा कुरआनचा सवाब (पुण्य)’ ही तिर्मिजींकडची हदीस जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर असते. तिर्मिजींनी स्वतःच तिच्याखाली लिहून ठेवलंय, की साखळीतला हारून अबू मुहंमद हा अपरिचित आहे. पुण्याच्या कामात कमजोर हदीस चालते असं मानणारे मोठे आलिम आहेत, चालत नाही म्हणणारेही आहेत. तुमच्या मोहल्ल्यातले मौलाना यातलं काहीही मानत असतील, त्यावरून वाद घालत बसू नका. ‘यासीन ज्या कामासाठी पढाल त्या कामासाठी आहे’ हे वाक्य मात्र हदीस म्हणून कुणी सांगितलं तर स्वीकारू नका. त्याला आधार नाही, असं हदीसच्या जाणकारांनी स्पष्ट लिहिलंय. इब्ने कसीर (मृत्यू 1373) काही आलिमांचा अनुभव नोंदवतात, की अवघड प्रसंगी यासीन पढली की अल्लाह तो प्रसंग सोपा करतो. ‘सोपा’ या शब्दाकडे बघा. बरं होणंही त्यात येतं, आणि बरं न होता सोसण्याचं बळ येणंही.

41चं काय? कुरआनात नाही, पक्क्या हदीसमध्ये नाही. बुजुर्गांच्या वजीफ्यांतून (नेमाच्या पठणांतून) आलेला आकडा आहे. माणूस आकड्याला धरून नियमित राहतो, एवढा त्याचा उपयोग मानायला हरकत नाही. पण खंड पडला तर आधीचं वाया गेलं, ही समजूत सोडून द्या. तिर्मिजींच्या दुसऱ्या एका हदीसमध्ये अक्षरागणिक दहा नेक्या सांगितल्यात. अलिफ एक अक्षर, लाम एक, मीम एक. सोळा दिवसांची अक्षरं कुठेही गेलेली नाहीत. पाळीमुळे थांबणं तर गुन्हा नव्हेच. आपल्या भागात बहुतेक घरं हनफी पंथाची आहेत आणि त्या मतानुसार त्या दिवसांत कुरआन पढायचा नसतो. म्हणजे तुम्ही हुकूम पाळलात. त्या दिवसांत ऐकणं, मराठीतून अर्थ वाचणं, दुआ, जिक्र (अल्लाहचं स्मरण), दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) हे सगळं चालतं. एकच बघा : ‘अल्लाहसाठी मी 41 यासीन पढेन’ अशी मन्नत (नवस) तोंडानं बोलला होतात का? मनात ठरवणं म्हणजे मन्नत नव्हे. बोलला असाल तर जवळच्या मुफ्तींना नेमके शब्द सांगून विचारून घ्या.

‘सात मुबीन’बद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बऱ्याच घरांत हे चालतं. यासीनमध्ये ‘मुबीन’ (उघड, स्पष्ट) हा शब्द सात वेळा येतो : आयत 12, 17, 24, 47, 60, 69 आणि 77. प्रत्येक मुबीनला थांबायचं, दुआ करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, अशी ती पद्धत. बेरीज करून बघा. 83 आयतींऐवजी 389 आयती होतात. तुमच्या वेगानं जवळपास चार तास. हदीसमध्ये ही पद्धत नाही. माझा आक्षेप वेळेपेक्षा अर्थाचा आहे. 24वी आयत त्या धावत आलेल्या माणसाच्या बोलण्याच्या मधोमध आहे : ‘(दुसऱ्यांना पूजलं) तर मी उघड गुमराहीत असेन.’ पुढचं त्याचं वाक्य आहे, ‘मी तुमच्या रबवर ईमान आणलं, माझं ऐका.’ मुबीनवर तोडून मागे फिरलात, की ज्या वाक्यासाठी तो जीव देतो तेच मागे पडतं.

पैशाचं सरळ सांगते. कुरआन शिकवणाऱ्याला पगार देण्यात गैर काही नाही. ‘बुखारी’ या हदीस-संग्रहात प्रसंग आहे, दंश झालेल्या टोळीप्रमुखावर एका सहाबींनी (पैगंबरांच्या साथीदारांनी) फातिहा (कुरआनातली पहिली सूरह) पढून दम केला आणि ठरलेल्या बकऱ्या घेतल्या. पैगंबरांनी मान्य केलं. म्हणजे दम खरा आहे, त्याचा मोबदलाही एरवी हराम नाही. पण त्या प्रसंगात ‘तुम्ही स्वतः पढलात तर उलटेल’ असा धाक कुणी घातला नव्हता. अल्लाहच्या शब्दाची भीती घालून जो पैसे मागतो, त्याच्याकडे जाऊ नका. ते 5100 रुपये जाण्या-येण्याच्या गाडीला लागतील.

आता उच्चार. चुकीनं अब्बांचं वाईट होईल का? नाही. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे, की जो अडखळत, कष्टानं पढतो त्याला दुहेरी सवाब आहे. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण देवनागरीची अडचण खरी आहे. आपल्याकडे एकच ‘स’, अरबीत तीन. एकच ‘ह’, तिथे दोन. नुक्त्याचा ‘ज़’ लिहिला तरी तो अरबीतल्या चार अक्षरांचं काम एकटाच करतो. ‘कल्ब’ जिभेचं मूळ टाळूच्या मागच्या भागाला लावून म्हटलं तर हृदय, साध्या ‘क’नं म्हटलं तर कुत्रा.

यासीनच्या पहिल्या चार आयतींतच यातल्या बऱ्याच जोड्या आहेत, म्हणून सराव तिथेच करा. ‘यासीन’ मधला स पातळ, दातांजवळचा. ‘सिरात’ मधला स जाड, जिभेचा मागचा भाग वर उचलून. ‘कुरआन’ आणि ‘मुस्तकीम’ मधला क खोल, ‘हकीम’ आणि ‘इन्नका’ मधला साधा. ‘हकीम’चा ह घशाच्या मधून, काचेवर वाफ सोडताना येतो तसा कोरडा. ‘मुस्तकीम’चा त साधा, ‘सिरात’चा जाड. आणि पहिल्याच शब्दात ‘या’ दोन मात्रा, ‘सीन’ सहा मात्रा लांबवायचा. बोट मुडपून मोजा. पुस्तिकेत दोन्ही एकसारखे छापलेले असतात, म्हणून बहुतेकजण तो घाईनं उडवतात.

देवनागरी पुस्तिकांत आणखी एक हमखास नसतं, ते म्हणजे थांबण्याच्या खुणा. 52व्या आयतीत ‘मिम् मर्कदिना’ नंतर श्वास न सोडता क्षणभर थांबायचं असतं, अरबी कुरआनात तिथे बारीक अक्षरात ‘सक्ता’ लिहिलेलं असतं. कारण ‘आम्हाला झोपेच्या जागेवरून कुणी उठवलं?’ हा उठणाऱ्यांचा प्रश्न तिथे संपतो आणि ‘रहमाननं वचन दिलं होतं ते हेच’ हे उत्तर सुरू होतं. तसंच 76व्या आयतीत ‘कौलुहुम’वर छोटा मीम असतो, म्हणजे थांबायलाच हवं. ‘त्यांच्या बोलण्यानं दुःखी होऊ नका’ इथे वाक्य संपतं. न थांबता पुढचं ‘आम्ही सगळं जाणतो’ जोडलं, तर ते विरोधकांचंच बोलणं वाटतं. या दोन जागांवर पुस्तिकेत लाल पेननं आडवी रेघ मारून ठेवा.

आणि पुस्तिका कायमची नको. मोहल्ल्यात मुलींना शिकवणाऱ्या आपा असतात. त्यांना कायदा (अरबी अक्षरं शिकवणारं पहिलं पुस्तक) पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगा. लाज वाटेल, शेजारी सात वर्षांची पोर बसलेली असेल. बसा. लहानपणी पाचवीपर्यंत गेलेल्या माणसाला अक्षर लवकर परत येतं. रोज वीस मिनिटं पुरतात.

तोवर यासीन रोज अख्खी पढायची घाई सोडा. आठवड्याला एक रुकू धरा : 12, 20, 18, 17 आणि 16 आयती, पाच आठवड्यांत 83. एखाद्या कारीच्या (कुरआन पठण करणाऱ्याच्या) संथ आवाजात फोनवर तो रुकू लावा, तीन-चार आयती ऐकल्या की थांबवा, बोट ओळीवर ठेवून त्यांच्यामागे म्हणा, पुन्हा लावा. आधी दोनदा नुसतं ऐकायचं, तिसऱ्यांदा म्हणायचं. मग त्याच आयतींचा मराठी अर्थ मोठ्यानं वाचा. पाळी आली की तेवढे दिवस ऐकणं आणि अर्थ चालू ठेवा, रुकू पुढच्या आठवड्यात गेला तरी चालेल. दुसरा रुकू मोठा आहे, त्याला दहा-बारा दिवस लागले तरी मनाला लावून घेऊ नका.

अब्बांजवळ पढण्यासाठी डायलिसिसचा दिवस टाळा. चार तास मशीनवर राहून आलेल्या माणसाला आवाजही नकोसा होतो. दुसऱ्या दिवशी फजरनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) किंवा मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर), उशापेक्षा पायांकडच्या बाजूला किंवा समोर बसा, म्हणजे त्यांना तुमचा चेहरा दिसेल. आणि आधी विचारा, ‘अब्बा, यासीन पढू का?’ एवढ्या सगळ्या चर्चेत त्यांना कुणी विचारलेलंच दिसत नाही. नको म्हणाले तर फातिहा पढा, फलक आणि नास (कुरआनातल्या शेवटच्या दोन सूरह) पढून हातावर फुंकून त्यांच्या अंगावरून फिरवा. आजारपणात पैगंबर स्वतः तसं करत, हे बुखारीत आहे. हो म्हणाले तर पढता पढता मधे थांबत जा. 71 वर्षांच्या माणसाला यासीनचे तुकडे पाठ असण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही अडाल तिथे ते पुढचा शब्द देतील. देऊ द्या. पाणी मोजून मिळणाऱ्या, उठताना हात लागणाऱ्या माणसाला लेकीला काही शिकवता आलं, याचं मोल तुमच्या 41व्या दिवसाहून कमी नाही.

जुम्मेरातीला (गुरुवारी) फुफी आल्या की त्यांच्याशी आकड्याचा वाद काढू नका. त्यांना अरबी वाचता येत असेल तर कुरआन त्यांच्या हातात द्या आणि तिसरा रुकू पढायला सांगा. त्या एक आयत पढतील, तुम्ही तिचा मराठी अर्थ वाचा. भावजयीलाही बसवा. मेलेली जमीन, दाणा, द्राक्षांच्या बागा, झिजणारा चंद्र. बाटली अब्बांच्या शेजारी असू द्या, तीच एक लिटरची.